थंडीत उजनीवर साधी चिलापीसुद्धा गळाला लागेना, काय चुकतंय?

हडपसरचा गळवाला:
नमस्कार मंडळी. गेले दोन रविवार भिगवणच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर गेलो. पहाटे साडेपाचला गळ टाकला, दहापर्यंत बसलो. कणकेचा गोळा लावला, गांडूळ लावलं. ऑक्टोबरात याच जागी तासाभरात सात-आठ चिलापी निघाल्या होत्या. आता बूच जागचं हलत नाही. मासे खोल गेलेत की खातच नाहीत?

नीरेकाठ:
डिसेंबरात पहाटे जाऊन उपयोग नाही. मी साडेअकराशिवाय घर सोडत नाही.

होडीवाला, इंदापूर:
दादा, आमचं घर जाळ्यावर चालतं, वडील आणि मी दोघं होडीवर असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासे कुठं जात नाहीत, खायचे थांबतात. घरी चिलापी चिरताना बघा. ऑक्टोबरातल्या चिलापीचं आतडं हिरव्या शेवाळानं तटतटलेलं असतं. आता चिरली की तेच आतडं दोऱ्यासारखं रिकामं. चिलापी मूळची आफ्रिकेची, उबेतली. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तिची भूकच मरते. रोहू-कटलाही गारठ्यात मंदावतात. रात्रभर वरचं पाणी निवत राहतं, त्यामुळं पहाटं धुक्यात तुम्ही बसता तेव्हा काठाचं उथळ पाणी सगळ्यात गार असतं. त्या वेळी जाळं ओढताना आमचीसुद्धा बोटं वाकत नाहीत.

बारा ते चार बसा. उतरता काठ बघा, तळाला काळे दगड, वाऱ्याला आडोसा आणि ऊन थेट पाण्यावर. काळा दगड लवकर तापतो, त्याच्या अंगाला चिलापी येऊन थांबते. १९८० ला धरणात पाणी अडलं तेव्हा जुन्या शेतांचे बांध, विहिरी, बाभळी खाली तशाच राहिल्या. आमची जाळी त्यात फाटतात, पण मासा त्याच आडोशाला असतो. काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुणाचा बांध कुठं होता ते तो बोटानं दाखवतो.

गळ लहान घ्या, गांडूळ अर्धंच लावा. आणि बूच बुडायची वाट बघू नका. थंडीत चिलापी ओढत नाही, नुसतं तोंडात धरून उभी राहते. बूच किंचित तिरकं झालं, की हलकेच उचला. ऑक्टोबरातला हिसका दिलात तर गांडूळ जातं आणि मासाही जातो.

अजून एक, हे मनापासून सांगतो. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर टाकून येऊ नका. मागच्या जानेवारीत आमच्या होडीजवळ एक चित्रबलाक पाय ओढत चालत होता. तंगूस पायात इतका रुतला होता की वरून दिसतच नव्हता. वडिलांनी त्याची चोच धरली आणि मी ब्लेडनं एकेक वेढा कापला. उडाला, पण तो पाय त्यानं टेकवला नाही.

हडपसरचा गळवाला:
होडीवाले दादा, काल एक वाजता बसलो. बूच दोनदा तिरकं झालं, पहिल्यांदा मी हिसका दिलाच! दुसऱ्यांदा हलकेच उचललं आणि तळहाताएवढी चिलापी आली. घरी चिरली, आतडं अगदी तुम्ही म्हणालात तसंच. तंगूस तीन ठिकाणी तुटला, तिन्ही तुकडे खिशात घालून आणले. काठावर दुसऱ्या कुणाचे तरी बाभळीला गुंडाळलेले दिसले, तेही सोडवून घेतले. रोहूसाठी थांबावं का?

होडीवाला, इंदापूर:
तुकडे आणलेत, फार बरं वाटलं. रोहूसाठी आता नका बसू. होळीनंतर पाणी तापायला लागतं, तेव्हा पेंडीचा गोळा घेऊन या. कुठल्या बांधावर बसायचं ते मी दाखवतो.