मालिकेतल्या अभिनेत्याच्या आवाजाची एक ओळ जुळत नाहीये, मदत हवी आहे

जालन्यातल्या बियाणे दुकानाची ३० सेकंदांची रेडिओ जाहिरात आहे. आवाज मालिकेतल्या अभिनेत्याचा. मूळ रेकॉर्डिंग मुंबईच्या स्टुडिओतलं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (न दाबलेली ऑडिओ फाइल), एकदम स्वच्छ. नंतर दुकानाचा पत्ता बदलला. तेवढी ४ सेकंदांची ओळ अभिनेत्याने सेटवरच्या व्हॅनिटी व्हॅनमधून व्हॉट्सॲप व्हॉइस नोटने पाठवली, आणि घोळ तिथंच झाला: ८ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे तीक्ष्ण आवाजांचा भागच नाही, खाली एसीची घरघर.

८० हर्ट्झखालचा आवाज कापला (लो कट), ३०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल उतरवले, लाउडनेस जुळवला. नॉइज रिडक्शन वाढवलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. हलगीचा ठेका खाली टाकला तर घरघर झाकते, पण 'स', 'श' बोथटच. मूळ फाइलचाही वरचा भाग कापला तर सगळी जाहिरातच टेलिफोनवरची वाटते.

स्टुडिओची तारीख पंधरा दिवस तरी नाही, पेरणी तोंडावर. एआयने आवाज बनवायला करारात मनाई (बरोबरच आहे म्हणा).

आता फोनवरच, पण रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगणार आहे. बंद गाडीत, एसी बंद ठेवून, फोन तोंडापासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात धरला तर ते स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकच्या जवळ जाईल? की पत्त्याची ओळ सरळ इथल्या निवेदकाकडून घ्यावी?