क्रीटमधला नाताळ : डुकराची मुंडी आणि भरलेली आतडी

वजडीप्रेमी : नाताळात क्रीटला, रेथिम्नोजवळ मैत्रिणीच्या सासरी जातेय. तिची सासू डुकराच्या मुंडीचं काहीतरी थंडगार करते आणि आतड्यात तांदूळ भरते म्हणे. मी वजडी खाणाऱ्या घरातली, त्यामुळे किळस नाही. पण हे करतात कसं? आणि कोकोरेत्सी मिळेल का?

हान्याकर : थंडगार म्हणजे त्सिलाद्या, बाकी ग्रीसमध्ये पिख्ती. खेड्यांत नाताळच्या तोंडावर घरचं डुक्कर कापत, काही घरांत अजूनही कापतात. बाकीचं मांस धुरावून अपाकी करता येतं, चरबीत मुरवून ठेवता येतं. मुंडी आणि आतलं मात्र थांबत नाही, म्हणून सणात आधी तेच शिजतं.

माझ्या शेजारच्या आजी मुंडी आणि खूर एकत्र उकळतात. पहिलं पाणी ओतून देतात, मग मंद आचेवर जबड्याचं हाड हातात सुटून येईपर्यंत. फेस सतत काढायचा, नाहीतर रस्सा गढूळ होतो. कान बारीक चिरतात, ते कुरकुरीत लागतात. बशीत थेंबभर रस्सा गार करून बोटं चिकटतात का बघायचं. चिकटली की लसूण, मिरी आणि कडू नारिंगाचा रस घालून वाडग्यांत ओतायचं. जिलेटिन अजिबात नाही, खुरांतला चीक पुरतो. आंबटपणात कंजुषी केलीत तर नुसती चरबी लागेल.

आतड्यांचं ते ओमाथ्येस. तांदूळ, चिरलेलं काळीज, मनुका, जिरं. सैलच भरा, तांदूळ फुगतो. गरम गरम खा, आग्रह झाला तर दुसऱ्यांदाही घ्या!

कोकोरेत्सी मात्र ईस्टरची, आणि कोकराची. काळीज, हृदय, फुफ्फुसं सळईवर ओवून वरून आतडी गुंडाळतात, निखाऱ्यावर तासन्‌तास फिरवतात. आदल्या मध्यरात्री, चर्चमधून आल्यावर, कोकराच्या आतड्या-काळजाचं मायिरित्सा सूप पिऊन लांबलचक उपास सोडतात. त्यासाठी वसंतात या.

म्हापसेकर : वाचून आमचं सोरपोतेल आठवलं. तेही नाताळचं, डुकराचं काळीज नि मांस, भरपूर व्हिनेगर. पण ते गरम, आणि रोज ऊन करत गेलं की मुरतं. त्सिलाद्या टिकतं का?

हान्याकर : फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. ऊन करू नका, विरघळेल.

वजडीप्रेमी : पुण्यात करायचं तर कडू नारिंगाऐवजी?

हान्याकर : लिंबाचा रस, त्यात थोडा संत्र्याचा. खूर मात्र वगळू नका.