मेल ब्लँकला एल्मर फडचं श्रेय देणं बंद करा

ठाण्याचा_ससा:
१० जुलै, बग्ज बनीचा आवाज असलेल्या मेल ब्लँकचा स्मृतिदिन, आला की दरवर्षी तेच. मेल ब्लँकचा फोटो, खाली बग्ज बनी, डॅफी, पोर्की, ट्विटी, सिल्वेस्टर, योसेमिटी सॅम सगळे ओळीत उभे, आणि त्या ओळीत हमखास बंदूकवाला एल्मर फड. वर लिहिलेलं असतं "हे सगळे आवाज एकाच माणसाचे". अहो नाहीयेत! "र" चा "व" करत "वॅबिट वॅबिट" म्हणत फिरणारा जो एल्मर आपल्याला पाठ आहे तो आर्थर क्यू. ब्रायनचा. १९४० पासून तो १९५९ मध्ये वारला तोपर्यंत, एखाददुसरा अपवाद सोडला तर त्याचाच. आणि त्या कार्टून्सच्या टायटलमध्ये हा माणूस शोधून दाखवा. नाही सापडणार. तिथे एकच नाव, मेल ब्लँक.

आता हे असं का, तर मेलने प्रोड्यूसर लिऑन श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली, श्लेसिंगर पैशाच्या बाबतीत चिक्कू, तो म्हणाला पैसे नाही वाढवत, पडद्यावर नाव देतो. साधारण १९४४ पासून नाव यायला लागलं आणि पुढची कित्येक वर्षं आवाजाच्या खात्यात दुसऱ्या कुणाचं नावच नाही. ट्विटीवाल्या आजीचा आवाज आधी बी बेनाडेरेट, १९५५ पासून जून फोरे, पण आपण बघणारे काय समजणार, की म्हातारी पण मेलच करतोय.

मी त्याचा फॅन आहे हे आधीच सांगतो, नाहीतर येतील लगेच अंगावर. ९५-९६ ला आमच्याकडे केबलवर कार्टून नेटवर्क आलं तेव्हा इंग्रजीतलं ओ की ठो कळायचं नाही, नुसत्या आवाजावर हसायचो. रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने पिक्चर सुरू झाले की घरात मारामारी. एवढं प्रेम आहे म्हणूनच म्हणतोय, त्याचं जे आहे ते एवढं मोठं आहे की दुसऱ्याचं त्याच्या खात्यात टाकायची गरजच काय?

भोंगा:
असहमत. आणि थोडा रागच आला वाचून.
त्याच्या आधी कार्टूनमध्ये आवाज देणाऱ्याचं नाव द्यायची पद्धतच नव्हती. चित्रं काढणाऱ्यांची नावं धड येत नव्हती तिथे आवाजाचं कोण विचारतो. हा पहिला माणूस ज्याने पैशाऐवजी का होईना नाव पदरात पाडून घेतलं. बाकीच्यांची नावं न देणं हा स्टुडिओचा करंटेपणा, त्याचं खापर मेलच्या डोक्यावर का? टायटल कार्ड तो रंगवत होता का? तुमच्या ऑफिसात तुम्हाला प्रमोशन मिळालं आणि शेजारच्याला नाही मिळालं तर तुम्ही परत करणार आहात का, सांगा.

ठाण्याचा_ससा:
मी त्याला दोष देतच नाहीये, शीर्षक परत वाच. मी आपल्याला, म्हणजे फॅन लोकांना म्हणतोय. स्टुडिओने ८० वर्षांपूर्वी जे केलं ते आपण आज फुकटात का करतोय?

रेडिओवेडी:
तुम्ही दोघं कार्टूनवरच भांडत बसलाय. खरा मेल ब्लँक ऐकायचा तर रेडिओवरचा, अमेरिकन विनोदवीर जॅक बेनीच्या कार्यक्रमातला. जुनी रेकॉर्डिंग्ज नेटवर ढिगाने आहेत, ऐका एकदा.

त्याला तिथे पहिलं काम काय मिळालं माहितीये? अस्वलाचं. जॅक बेनी हे पात्र महाकंजूष, त्याच्या तळघरात तिजोरी आणि तिच्यावर पहारा द्यायला कारमायकल नावाचं पोलर बेअर. मेलचं काम फक्त गुरगुरणं. तो स्वतः सांगायचा की सहा महिने नुसता गुरगुरलो, मग एक दिवस जाऊन म्हणालो, मिस्टर बेनी, मला बोलता पण येतं. बेनी पोट धरून हसला आणि मग पात्रं द्यायला लागला. पोपट तो, व्हायोलिन शिकवणारा वैतागलेला फ्रेंच मास्तर तो, रेल्वे स्टेशनवरचा अनाउन्सर तो. आणि बेनीची ती खटारा मॅक्सवेल गाडी! गाडीच्या आवाजाची रेकॉर्ड ऐनवेळी लागली नाही आणि ह्याने माइकसमोर तोंडानेच गाडी सुरू केली, खोकत, ठसकत, मरता मरता परत जिवंत होत. ते एवढं जमलं की पुढे रेकॉर्डची गरजच संपली, गाडी म्हणजे मेल.

तो अनाउन्सर म्हणजे तर कहर. गाडी सुटतेय "अ‍ॅनाहाइम, अझूसा अँड कूक..." आणि थांबायचा. लोकांना माहितीये पुढे काय येणार, तरी थांबलेत. आणि मग "...अमोंगा". तो पॉज दर वेळी लांबवत न्यायचे. नुसत्या शांततेवर हशा घ्यायचा, तोही रेडिओवर जिथे चेहरा दिसत नाही, हे कार्टूनमध्ये कुठे आहे? तिथे चित्रं मदतीला असतात.

कोल्हापुरी_कोयोटे:
रेडिओवेडीताई, मग स्वतःचा शो का पडला त्याचा? १९४६-४७ ला सीबीएसवर मेल ब्लँक शो होता, रिपेअरच्या दुकानाचा मालक वगैरे, एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे रेडिओवर दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं म्हणून भारी, पण अख्खं जेवण लोणच्याचं नाही होत. कार्टूनमध्ये मात्र तोच वरण, तोच भात.

आणि ससेभाऊंना एक काडतूस माझ्याकडून. आमच्या कोयोटच्या शत्रूचं, रोडरनरचं ते "बीप बीप" पण मेलचं नाही. पॉल ज्युलियन म्हणून बॅकग्राउंड रंगवणारा चित्रकार होता, तो हातात मोठी चित्रं घेऊन कॉरिडॉरमधून जाताना लोकांनी बाजूला व्हावं म्हणून तसा आवाज काढायचा, तोच रेकॉर्ड केला. एका पेंटरचा आवाज जगभर गेला आणि त्याचं नाव? बसा शोधत.

रेडिओवेडी:
शो पडला हे मान्य. पण तो पडला म्हणून बेनीकडचं काम कमी होतं का? आपल्याकडे आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' ऐकलेले लोक अजून टेकाडे भावजींची नक्कल करतात, त्या भावजींना स्वतंत्र कार्यक्रम दिला असता तर चालला असता का, काय माहीत. काही माणसं दुसऱ्याला टेकू देण्यात ग्रेट असतात.

निवृत्त_निवेदक:
रेडिओत आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. श्रुतिकेत एका माणसाने तीन पात्रं करणं आमच्याकडेही चालायचं, बजेटच तेवढं असायचं. आवाज बदलणं त्यामानाने सोपं हो. माइकपासून अंतर बदललं, घसा आवळला, नाकातून बोललं की झाला म्हातारा. कठीण काय, तर दोन्ही पात्रं एकमेकांशी भांडताना प्रत्येकाचा श्वास वेगळा ठेवणं.

मेलला "हजार आवाजांचा माणूस" म्हणतात, ही मात्र पाटी आहे, दुकानावरची. डॅफी आणि सिल्वेस्टर नीट ऐका. दोघंही तोंडातून थुंकी उडवत "स" बोलतात, आवाज मुळात एकच, डॅफीचा टेप नंतर वेगाने फिरवलेला. पोर्कीचंही तेच. त्यामुळे मोजायलाच बसलात तर हजारातले बरेच गळतील. मोजू नये. मी तर म्हणेन हजार ही त्याची बदनामी आहे, कुणी चांगल्या गवयाचं कौतुक "ह्याला चारशे राग येतात" असं करतं का?

भोंगा:
काका मान राखून बोलतो पण टेप फिरवली म्हणजे काहीतरी लबाडी असा सूर नको. वेगाने फिरवायचंय म्हणजे रेकॉर्ड करताना हळू बोलायचं, आणि हळू बोलताना सुद्धा भांडण भांडणासारखंच वाटलं पाहिजे, विनोदाची जागा चुकता कामा नये. तुम्ही करून बघा, मोबाईलवर सोपं आहे. मी केलं. बायकोने विचारलं बरं वाटत नाहीये का.

आणि पोर्कीचा विषय निघालाच आहे तर, पोर्कीला आधी जो डोहर्टी आवाज द्यायचा तो खरोखरच तोतरा होता. त्याला ते थांबवता यायचं नाही, फिल्म वाया जायची, रेकॉर्डिंग संपता संपायचं नाही. १९३७ ला मेल आला आणि त्याने तोतरेपणाला ताल दिला, एका शब्दावर अडकायचं आणि तिसराच शब्द बोलून मोकळं व्हायचं. हे क्राफ्ट आहे.

ठाण्याचा_ससा:
क्राफ्ट आहेच. पण बघ, तू सुद्धा आत्ता आणखी एक माणूस काढलास ज्याचं नाव पोर्कीच्या पोस्टवर कधी येत नाही. डोहर्टी, ब्रायन, बेनाडेरेट, फोरे, ज्युलियन. माझा मुद्दा तूच लिहितोयस. जून फोरेबद्दल तर ह्या कार्टून्सचा दिग्दर्शक चक जोन्स म्हणायचा की ती बाईमाणसांतली मेल ब्लँक नाही, मेल हा पुरुषांतला जून फोरे आहे. ती २०१७ ला गेली, ९९ वर्षांची होऊन. किती पोस्ट बघितल्या तेव्हा?

भोंगा:
दोन. त्यातली एक माझी होती.

न्यूजर्सीकर:
इथे गाडीत सॅटेलाइट रेडिओवर जुने कार्यक्रम लागतात, त्यात जॅक बेनी ऐकतो ऑफिसला जाताना. रेडिओवेडी म्हणतात ते खरंय, पण एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. त्यातलं ते साय नावाचं मेक्सिकन पात्र, "सी", "साय", "स्यू", "सो" एवढंच एकाक्षरी बोलणारं. बेनी प्रश्न विचारतो, हा एकेक शब्द टाकतो, पब्लिक लोळतंय. मी पण हसतो आणि मग जरा कसंतरी होतं, कारण आपल्या अ‍ॅक्सेंटवर हसलेलं आपल्याला इथे किती लागतं ते माहितीये. स्पीडी गोन्झालेस हा मेक्सिकन उंदीर, त्याचा आवाज पण मेलचाच. १९९९ मध्ये इथल्या कार्टून नेटवर्कने स्पीडी दाखवणं बंद केलं होतं. श्रद्धांजली वाहताना हे सगळं कार्पेटखाली सरकवायचं का?

कोल्हापुरी_कोयोटे:
अर्धीच बातमी सांगितलीत साहेब. परत सुरू करा म्हणून मागे लागले त्यात तिथले हिस्पॅनिक लोकच पुढे होते, आणि २००२ ला स्पीडी परत आला. त्यांचं म्हणणं सगळ्या कार्टूनमध्ये जिंकणारा, हुशार, चपळ असा आमचा तो एकटा आहे, तो पण काढता?

न्यूजर्सीकर:
स्पीडीचं मान्य. माझ्या टीममधला एक मेक्सिकन पण हेच म्हणतो, त्याच्या डेस्कवर स्पीडी आहे. पण सायबद्दल त्याला विचारलं तर खांदे उडवून चहा आणायला गेला. त्यामुळे माझं मत अजून तिथेच अडकलंय.

रेडिओवेडी:
साय मला पण आता पूर्वीसारखा ऐकवत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं टायमिंग विसरता येत नाही हेही खरं. दोन्ही एकदम वाटतं.

मिसळ_विदाउट_तर्री:
आक्सिडंटचा किस्सा अजून कुणीच कसा नाही टाकला?? २४ जानेवारी १९६१, सनसेट बुलेवारवर डेड मॅन्स कर्व्ह नावाचं वळण, समोरासमोर टक्कर. हाडांचा चुरा, दोन आठवडे कोमात. घरचे हाका मारतायत, उत्तर नाही. शेवटी डॉक्टरने विचारलं, "बग्ज बनी, कसं वाटतंय आज?" आणि आतून बग्जच्याच आवाजात बारीक उत्तर आलं. काटा येतो लिहिताना पण.

निवृत्त_निवेदक:
किस्सा सुंदर आहे. मला त्याच्यापुढचा भाग जास्त आवडतो, कमी सांगितला जातो. तेव्हा 'फ्लिन्टस्टोन्स' ह्या कार्टून मालिकेचा पहिलाच सीझन चालू होता आणि त्यातला बार्नी रबल हा करायचा. काही भाग डॉज बटलरने सांभाळून घेतले आणि मग ह्याच्या घरी, पलंगाभोवती सगळे कलाकार जमले, हा गळ्यापासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये उताणा, वर माइक टांगलेला, आणि तसाच बार्नी हसायला लागला. उताणं पडून पोटातून हसून बघा. छातीवर प्लास्टरचं ओझं घेऊन ते हसू कुठून आणायचं. कोमातलं बोलणं हा चमत्कार म्हणा, हे दुसरं शुद्ध नोकरी करणं आहे, आणि मला त्याबद्दल आदर आहे.

ठाण्याचा_ससा:
काका, हे ऐकून माझा सूर थोडा खाली आला. पण बघा, इथे सुद्धा डॉज बटलर मधल्यामध्ये राहिलाच की नाही.

आणि ब्रायन गेल्यावर पुढे एल्मर मेलने पण केलाय, ते ऐका कधी. मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखा वाटतो. शब्द सगळे बरोबर, "वॅबिट" पण बरोबर, पण ब्रायनच्या एल्मरमध्ये जो एक निरागस मठ्ठपणा होता तो नाही. ज्याला सगळं जमतं त्याला हे नाही जमलं, ह्यातच ब्रायन काय होता ते कळतं.

भोंगा:
हे मान्य. सगळ्यात आधी हेच लिहायला हवं होतंस, शीर्षकात दम देण्यापेक्षा.

पण मग मला एक सांग, मेल १९८९ ला गेल्यावर बग्ज करायला जेफ बर्गमन, जो अलास्की, बिली वेस्ट, एरिक बाउझा असे कितीतरी आले. ते सगळे मोठ्या भावाचा शर्टच घालून फिरतायत ना? त्यांची नावं तुला किती माहीत होती?

ठाण्याचा_ससा:
बिली वेस्ट माहीत होता. बाकीचे... बरं, एक मिनिट, बघून सांगतो.

कोल्हापुरी_कोयोटे:
ससा बिळात गेला 😂

न्यूजर्सीकर:
अवांतर: कूकामोंगा गाव खरंच आहे, कॅलिफोर्नियात, आता रँचो कूकामोंगा म्हणतात. रेडिओवर नाव गाजवलं म्हणून तिथे पुतळा उभारलाय. जॅक बेनीचा.

ठाण्याचा_ससा:
बोलला तो मेल आणि पुतळा बेनीचा?? ही मात्र हद्द झाली.

भोंगा:
आता कळलं का, मला राग का आला होता ते?

रेडिओवेडी:
काल रात्री भाच्याला मॅक्सवेलची गाडी ऐकवली, सहा वर्षांचा आहे. चित्र नाही, काही नाही, नुसता आवाज. पूर्ण ऐकलं, मग म्हणाला मावशी, ह्या काकांना दवाखान्यात नेलं का नंतर. मी म्हटलं अरे ती गाडी आहे. तर म्हणे मग परत लाव.