मदत हवी आहे: क्रॉल स्पेसमध्ये इन्सुलेशन फ्लोअरखाली की भिंतींना?

नमस्कार मंडळी. घर नॉर्थ कॅरोलायनात, रालेजवळ. खाली १,२०० चौरस फुटांची क्रॉल स्पेस (जमीन आणि फ्लोअर यांच्यातली बुटकी पोकळी), भिंतींत हवेसाठी जाळ्या असलेली. जॉइस्टमधलं (फ्लोअरखालच्या तुळयांमधलं) आर-१९ फायबरग्लास (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) उन्हाळ्याच्या दमट हवेनं ओलं होऊन लोंबतंय. पाण्याचे पाइप आणि एसीचे डक्ट त्याच्या खालून जातात, म्हणून तेच पुन्हा भरणं पटत नाही. खोल्या उबदार राहतील, पाइप मात्र थंडीतच.

विचार असा: जाळ्या बंद, भिंतींना २ इंची फोम बोर्ड (वर ३ इंच पट्टी वाळवी तपासायला मोकळी). मातीवर १० मिल (इंचाचा शंभरावा भाग) जाडीचं पॉलिथिन, जोड १२ इंच एकमेकांवर चढवून टेपबंद, कडा भिंतीवर ६ इंच. डक्टचे सांधे आधी मॅस्टिकनं (सांधे बुजवायच्या लेपानं) बंद, कारण कापडी टेप सुटतेच.

अडलंय ते हवेपाशी. ५० चौरस फुटांमागे १ सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा) धरला, तर २४ सीएफएमचा सतत चालणारा एक्झॉस्ट पंखा रालेच्या दमटपणाला पुरतो, की डिह्युमिडिफायरच (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावावा? शिवाय गॅसचा वॉटर हीटर तिथंच आहे. जाळ्या बंद झाल्या की त्याला ज्वलनाची हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइडचा धोका. बाहेरून स्वतंत्र डक्ट द्यावा की सीलबंद ज्वलनाचा (हवा थेट बाहेरून घेणारा) हीटरच बसवावा? त्या भागात हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.