सरफेसीची (बँकांच्या कर्जवसुली कायद्याची) नोटीस आलीय, फ्लॅट कॅशमध्ये विकावा का?

डोंबिवलीकर७७:
दादाचा धंदा बसला, होमलोनचे हप्ते थकले, खातं एनपीए (थकीत कर्ज) झालं आणि आता त्या कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांत सगळं भरा म्हणतायत. एक एजंट रोज दारात, अर्धे कॅश घ्या, आठवड्यात मोकळे करतो म्हणतो, भाव मात्र बराच पाडून मागतोय. वहिनी म्हणते देऊन टाका एकदाचं. काय करू?

हिशोबनीस:
विका, पण कॅश नको हो. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली की तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला बसू शकतो, म्हणजे दादाला, एजंट नामानिराळा. आणि या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकताच येत नाही.

ठाण्याची_मावशी:
आमच्या मामांनी असंच सोडवलं. बँकेतून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण बंद करायला किती भरायचे ते पत्र) आणि तारण कागदांची यादी घेतली, गिऱ्हाईक लोनवालं होतं, त्याच्या बँकेने डीडी थेट मामांच्या लोन खात्याच्या नावे काढला, उरलेले मामांना. फ्लोटिंग रेट (बदलता व्याजदर) असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड वगैरे नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पण मागितल्याशिवाय देतील तर शपथ.

वकीलसाहेब_नाशिक:
लिलावाची नोटीस पेपरात यायच्या आत पैसे भरा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर घर सोडवायचा हक्क तिथेच संपतो. आणि त्या एजंटला पॉवर ऑफ ॲटर्नी चुकूनही देऊ नका.