मदत हवी आहे: वाचन-उपक्रमामुळे मुलं खरंच वाचायला लागली का, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. पहिली ते चौथी मिळून पस्तीसेक मुलं. जूनपासून बाहेरची एक संस्था पहिली-दुसरीला वाचन-उपक्रम घेतेय. पुढच्या वर्षी तो चालू ठेवायचा का, आणि त्यासाठी पालकांनी वर्गणी काढायची का, यावर लवकरच बैठक आहे.

संस्थेच्या अहवालात सगळं झकास. पण वर्षभर शाळेत आलेलं पोर थोडंफार वाचायला लागतंच की! चाचणीही घेतली त्यांच्याच ताईंनी, त्यांच्याच पुस्तिकेतून. शेजारच्या मुलीला तीच पुस्तिका वाचायला लावली, तर आवाज पुढे आणि बोट मागे. पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य म्हणून मोकळी! न पाहिलेला परिच्छेद दिला तर पहिल्याच जोडाक्षराला अडली.

दुसरीत मुलं नऊ. कंत्राटी कामावर आलेल्या कुटुंबांतली दोन मुलं मध्येच गेली, ती वाचनात मागे होती. अहवालात सरासरी फक्त शेवटी हजर असलेल्यांची. म्हणजे कुणी काही न शिकताही आकडा वर जाणार.

माझ्या डोक्यात असरची (‘प्रथम’ संस्थेच्या, मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची) पद्धत आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एकेकाला बाजूला बसवून. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीला किमान 60, तेही समजून, असं लक्ष्य आहे. पण आमच्याकडे घरात कोंकणी, काहींकडे कन्नड. घड्याळ लावून बसलो तर हीच मुलं आधी मागे पडतील. अर्थ विचारल्यावर उत्तर कोंकणीत आलं तरी मी ते बरोबरच धरीन. तुम्ही धराल?

खरी अडचण ही, की जूनमध्ये त्रयस्थाने घेतलेली चाचणीच नाही. उपक्रम नसलेल्या शेजारच्या शाळेशी तुलना करावी, तर ती एकशिक्षकी, आमच्याकडे दोन बाई. अशी तुलना कितपत धरायची? की यंदा नुसती नोंद करून ठेवावी आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर त्याच मुलांना नवा मजकूर द्यावा?

चाचणीला पर्वरीच्या डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) विद्यार्थी-शिक्षक मिळतात का? अर्ज मुख्याध्यापकांनी करायचा की भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.