मदत हवी आहे: 'म्हणजे' आणि 'की' मोजायचे कसे?

बेळगावात, टिळकवाडीत आमचा छोटा भाषण क्लब आहे. टोस्टमास्टर्सच्या (भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची जागतिक संस्था) धर्तीवर चालतो: तयारीचं भाषण ५ ते ७ मिनिटं, पाचला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. भाषा मराठी. मात्र निम्म्या लोकांचं दिवसभराचं बोलणं कन्नडमध्ये.

गेल्या बैठकीत अडखळशब्द (बोलताना उगाच येणारे भरीचे शब्द) मोजायचं काम माझ्याकडे आलं. 'अं', 'आ' मोजणं सोपं. घोळ झाला तो 'म्हणजे'चा. निपाणीच्या एका काकांच्या भाषणात मी २३ वेळा खूण केली. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यातले निदान नऊ 'म्हणजे' खरोखर अर्थ सांगायलाच आले होते. काका काही बोलले नाहीत, पण चहाला थांबले नाहीत.

दुसरं, आपल्याकडचा 'की'. 'सांगतो की', 'बसा की'. पुण्याहून आलेल्या सदस्या म्हणतात, मोजा. मला ती आपली बोली वाटते, अडखळणं नव्हे.

आधी दर शब्दाला घंटी वाजवून पाहिली, बोलणारा बिचकतो. आता कागदावर रकाने पाडून खुणा करतो, पण क्षणात ठरवायचं कसं? दंड वगैरे नाही, शेवटी दोन मिनिटांत अहवाल द्यायचा असतो. रेकॉर्डिंगवरून मोजा म्हणू नका, अहवाल त्याच संध्याकाळी लागतो.

मराठीत हे काम केलेल्यांनी सांगा: 'म्हणजे' कुठला धरायचा, कुठला सोडायचा? आणि 'की' मोजायचा की नाही?